एकास बाराचा उतार

सातवीत असताना आमच्या शाळेची सहल एका किल्ल्यावर गेली होती. शिंदखेड्याहून सकाळी गाडी निघाली. वडिलांनी मला उचलून पहिल्या बाकावर बसवलं, कुबड्या बाकाखाली सरकवल्या आणि बाईंना म्हणाले, "ती काही त्रास देणार नाही." मी खरंच दिला नाही. किल्ल्याच्या पायथ्याशी गाडी रिकामी झाली. मुलींनी आपापले डबे, स्वेटर, पाण्याच्या बाटल्या माझ्या शेजारी रचून ठेवल्या आणि त्या पायवाटेने वर गेल्या. बराच वेळ त्यांचा आवाज येत राहिला. मग तोही येईना.

दिवसभर गाडीत मी आणि ड्रायव्हर. दुपारी त्याने फडक्यातली कळण्याची भाकरी आणि ठेचा सोडला. अर्धी भाकरी माझ्यापुढे धरून त्याने विचारलं, "तुला नव्हतं का जायचं वर?"

मी म्हणाले, "नाही. मला डोंगर आवडत नाहीत."

पुढे तीसेक वर्षं मी हेच उत्तर वेगवेगळ्या शब्दांत देत आले. मला पाण्याची भीती वाटते. मला गर्दी सोसत नाही. मला ऊन लागतं. तुम्ही जाऊन या, मी बसते इथे सामानापाशी. लोकांना हे उत्तर फार सोयीचं पडायचं, आणि खरं सांगायचं तर मलाही. न्यायची सोय नाही असं कुणी तोंडावर म्हणण्यापेक्षा आपल्यालाच हौस नाही असं म्हटलेलं बरं.

पोलिओ मला दोन वर्षांची असताना झाला. पायांना आधाराचे लोखंडी कॅलिपर लावून, कुबड्यांवर मी शिकले, डिप्लोमा केला आणि जळगावात ठिबक सिंचनाचं काम करणाऱ्या एका छोट्या कंपनीत ड्रॉइंग विभागात लागले. शेतकऱ्याच्या जमिनीचा नकाशा घ्यायचा, चढउतार पाहायचा आणि पाइप कुठून कसा न्यायचा ते आखून द्यायचं, हे माझं काम. शेत मी कधी पाहत नाही. सर्व्हेला गेलेला माणूस आकडे आणून देतो आणि मी टेबलाशी बसून सांगते की तुमच्या वावरात पूर्वेला पाणी कमी पडेल.

चाळिशीनंतर खांदे गेले. डॉक्टर म्हणाले, आयुष्यभर पायांचं काम हातांनी केलंत, आता हात थकले. व्हीलचेअर आली. आई होती तोवर घरात बोलणं होतं. ती गेल्यावर भाऊ पुण्याला चल म्हणाला. पण त्याचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होता आणि लिफ्ट दर दोन दिवसांनी बंद. मी इथेच राहिले, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत. सोमवार ते शनिवार ऑफिस. रविवारी सकाळी कपडे धुवायचे, दुपारी झोपायचं, संध्याकाळी दारात खुर्ची घेऊन बसायचं. शनिवारी संध्याकाळी सहाला ऑफिसातून निघताना "येते" म्हटलेलं असायचं आणि सोमवारी सकाळी दहाला "आले" म्हणायचं. मधल्या वेळात कित्येकदा तोंडातून एक शब्दही निघायचा नाही.

त्या हिवाळ्यात एका सोमवारी ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो आले. एरंडोलच्या रस्त्यावर कुणीतरी शेतात मोठी बाग केली होती, तळं, होड्या, झोपाळे, आणि चुलीवरचं भरीत. आमच्या विभागातली सगळीच्या सगळी माणसं रविवारी तिथे भरीत पार्टीला गेली होती. मी फोटोतली डोकी मोजली. एकही कमी नव्हतं.

शेजारच्या टेबलावरची मैत्रीण दुपारी डबा खाताना म्हणाली, "अगं, तुला सांगणार होतो. पण तिथे तुला त्रासच झाला असता. आणि तुला तशीही गर्दी आवडत नाही ना?"

"नाहीच आवडत," मी म्हणाले. आणि अर्धा डबा तसाच बंद केला.

मग मी एक गोष्ट केली जी आजवर केली नव्हती. बागेचा नंबर शोधून फोन लावला. विचारलं, "व्हीलचेअर आत येते का?"

फोनवरची मुलगी म्हणाली, "येते ना मॅडम. एकदम सोय आहे. आमच्याकडे सगळे येतात."

पुढच्या रविवारी मी ठेवणीतली चिंचेच्या रंगाची साडी नेसले. नेहमीच्या रिक्षावाल्या काकांनी खुर्ची घडी करून मागे बांधली. सकाळपासून मी पाणी प्यायले नव्हते. बाहेर पडायचं असलं की मी पाणी पीत नाही. पुढे गेल्यावर संडासाचं काय असेल ते कुणी सांगू शकत नाही, म्हणून ही सवय शाळेपासूनची.

बागेच्या दारात मोटारसायकली आत जाऊ नयेत म्हणून लोखंडी फिरकी बसवली होती. एकेका माणसाने अंग चोरून आत जायचं. बाजूला मोठं फाटक होतं, त्याला कुलूप. त्याच्यापलीकडे चौथऱ्यावर चढायला तीन पायऱ्या. काका निघून गेले होते. मी तिकिटाच्या खिडकीपाशी जाऊन म्हणाले, "फोनवर सोय आहे म्हणाला होतात."

"आहे ना मॅडम!" आतली मुलगी उत्साहाने म्हणाली आणि तिने हाक मारली. चार माणसं धावत आली. कुलूप उघडलं. "आमचे लोक आहेत ना, उचलतात."

"थांबा," मी म्हणेपर्यंत माझी खुर्ची जमिनीवरून उचलली गेली होती. एकाने चाक धरलं, ते फिरलं, खुर्ची एका बाजूला कलली. साडी गुडघ्यापर्यंत सरकली आणि कॅलिपरचे जुने वळ उघडे पडले. ते झाकायला हात सोडावेत तर मी पडले असते. रांगेतली माणसं बाजूला झाली. कुणीतरी म्हणालं, "पुण्याचं काम आहे बाबा." एका बाईने लेकराला सांगितलं, "नमस्कार कर." कुणाला नमस्कार करायचा ते त्या लेकराला कळलं नाही. मलाही कळलं नाही.

आत मला कडुनिंबाखाली ठेवलं. ठेवलं हाच शब्द बरोबर आहे, कारण चहूकडे बारीक खडी पसरलेली होती आणि तिच्यात चाकं रुतत होती. दहा हातांवर तळं होतं. होड्या निघत होत्या, येत होत्या. होडीवाल्याला मी विचारलं तर तो हात जोडून म्हणाला, "नाही ताई, जबाबदारी कोण घेईल?" संडासाचं दार माझ्या खुर्चीपेक्षा चार बोटं अरुंद होतं. भरीत चांगलं होतं. मी ते एकटीने खाल्लं, वर पाणी न पिता, आणि जीभ भाजल्यासारखी झाली तरी तशीच बसले. साडेतीनला मला घरी जावंसं वाटलं. पण ती चार माणसं जेवायला बसली होती. मला बाहेर पडायला त्यांचं जेवण संपायची वाट पाहावी लागली.

सोमवारी ग्रुपवर एक व्हिडिओ आला. कुणीतरी तो रविवारी रांगेतून काढला होता, त्याला बासरीचं दुःखी संगीत लावलं होतं. खाली लिहिलं होतं, माणुसकी अजून जिवंत आहे. फिरत फिरत तो आमच्याच ऑफिसात आला होता. त्यात मी हवेत लटकले होते, तोंड उघडं, दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरलेली. आमच्या साहेबांनी त्याखाली हात जोडलेले पाठवले. मग एकेकाने तेच पाठवलं. मैत्रिणीने मात्र काही पाठवलं नाही. ती माझ्याकडे पाहतही नव्हती.

त्या आठवड्यात मी एक पत्र लिहिलं. आधी रागाचं लिहिलं, ते फाडलं. मग वाटलं, मला जे येतं ते करावं. जे काही आठवत होतं त्यावरून मी बागेच्या दाराचं ड्रॉइंग काढलं. तीन पायऱ्या, सहा सहा इंचांच्या, म्हणजे चढ दीड फूट. एक फूट चढायला बारा फूट लांबी, हा खुर्चीसाठीचा उतार. दीड फुटाला अठरा फूट. संडासाचं दार किती रुंद हवं, ते बाहेर उघडायला हवं, आत धरायला दांडी कुठे हवी, खडीतून एक पक्की वाट कुठून जाईल, सगळं आखलं. सोबत चार ओळी लिहिल्या, "मला तुमच्या माणसांनी उचललं. त्यांचा हेतू चांगला होता. पण मला उचलून घ्यायचं नव्हतं, मला बाग पाहायची होती." एक प्रत टपालाने पाठवली, एक फोनवर.

तीन आठवडे काहीच आलं नाही. मग एका दुपारी फोन वाजला. खरखरीत, वयस्क आवाज.

"मी बागवाला बोलतो, ताई. तुमचा व्हिडिओ आला ना, लोकांनी आमचं लई कौतुक केलं. मला वाटलं, चांगलं झालं. मग तुमचं पत्र आलं. दहा वेळा वाचलं मी. एक विचारू? राग मानू नका. आमच्या पोरांनी प्रेमानं उचललं. त्यात तुम्हाला वाईट काय वाटलं?"

 मी म्हणाले, "भाऊ, तुम्ही बाजारात उभे आहात. चार अनोळखी माणसं आली, न विचारता तुम्हाला उचललं आणि पलीकडच्या दुकानात नेऊन ठेवलं. प्रेमानंच."

  ते म्हणाले, "एकदा येऊन दाखवा ताई, काय काय चुकलंय ते. मी गाडी पाठवतो."

मी रिक्षानेच गेले. पुढच्या फाटकापाशी न थांबता त्यांनी मला शेताच्या मागच्या वाटेने आत घेतलं. साठीचे गृहस्थ, पांढरा शर्ट, पायात चामड्याच्या चपला. मिस्त्रीही आला होता. माझं ड्रॉइंग त्याने उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "अठरा फूट? सहा फुटांत देतो की चढवून. हातगाडी चढते आमची."

"हातगाडी ढकलणारा मागे असतो," मी म्हणाले. "माझ्यामागे कुणी नाही."

त्याने डोकं खाजवलं. अठरा फूट न्यायचे तर वाटेत 'आय लव्ह' लिहिलेली मोठी लाल अक्षरं येत होती. लोक तिथे उभे राहून फोटो काढत. मालकाचं तोंड उतरलं. "ती हलवायची? तेच तर लोकांना आवडतं."  मी टेपचं एक टोक मिस्त्रीच्या हातात दिलं आणि दुसरं धरून चाकं रेटत मागे मागे गेले. अठरा फूट जिथे भरले तिथे बरोबर ती अक्षरं होती.

"चला, आधी चहा घेऊ," मालक म्हणाले.

त्यांचं घर बागेला लागूनच होतं. ओट्याला दोन पायऱ्या. ते पाहून मालक स्वतःच थबकले. मी म्हणाले, "राहू द्या, मी अंगणातच बसते." ते आत चहाचं सांगायला गेले. ओट्याच्या बाजूच्या खिडकीत एक म्हातारा चेहरा दिसला. आत खाटेवर उशीला टेकून एक बाई बसल्या होत्या. त्यांचा एक हात मांडीवर निपचित पडला होता. त्यांनी मला डोक्यापासून चाकांपर्यंत पाहिलं.

"तुले बी पाय नही का वं?"

किती तरी दिवसांनी माझ्या गावची बोली माझ्याशी कुणी बोललं होतं. मीही तसंच म्हणाले, "पाय शेत अक्का, पन चालतस नही." आहेत, पण चालत नाहीत.

"मना बी तसाच," त्या म्हणाल्या. आणि हसल्या, अर्ध्याच तोंडाने, कारण दुसरी बाजू हलत नव्हती.

त्या मालकाच्या आई; चार वर्षांपूर्वी त्यांना लकवा झाला होता. बाग त्याच्यानंतर झाली. जिथे बाग होती ते त्यांचं केळीचं वावर, तिथे त्यांनी नवऱ्याबरोबर उभा जन्म काढला होता. आता खिडकीतून फक्त झाडांचे शेंडे आणि रविवारची गाणी. "बठ्ठा लोके येतस, दखतस, चालना जातस. माले आठे गानं ऐकाले येस." सगळे येऊन पाहून जात होते, त्यांना मात्र घरात बसून नुसती गाणी ऐकू येत होती.

"तुम्ही नाही गेलात बघायला?"

"पोऱ्या म्हने, चार जन उचली लई जातीन. मी सांगं, मी मरसू तव्हय उचलतीनच ना चार जन. आतेच कसाले?"

मालक चहाचे कप घेऊन दारात उभे होते. त्यांनी ते ऐकलं. कप ओट्यावर ठेवले आणि ते पायरीवर बसले. खूप वेळ ते चपलेने माती सारत राहिले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "हे ती मला बाग झाल्यापासून सांगते आहे ताई. मला वाटलं, म्हातारपणाचा हट्ट आहे."

 चहा गार होत होता. बाहेर मिस्त्री टेप गुंडाळत होता.

काम दोन महिने चाललं. अक्षरं डावीकडे सरकली. मिस्त्री मला फोटो पाठवायचा, मी जेवणाच्या सुट्टीत पाहायचे. पहिल्या खेपेला त्याने उतारावर चकचकीत फरशी बसवली. मी लिहिलं, ओली झाली की यावरून बकरीसुद्धा घसरेल. त्याने ती उखडली आणि खरबरीत बसवली. मग फाटकावर साखळी आली, किल्ली वॉचमनकडे आणि वॉचमन नेमका जेवायला गेलेला. ती साखळीही काढायला लावली. संडासाचं दार पहिल्याच प्रयत्नात ठीक झालं. होडीचं मात्र जमलं नाही. होडीवाला ऐकेना, मालकालाही धीर होईना, आणि खरं म्हणजे ते कसं करायचं हे मलाही नीट ठाऊक नव्हतं.

मार्चमधल्या एका सकाळी, बाग उघडायच्या आधी, मालकाने आईला नव्या खुर्चीत बसवून आणलं. घराच्या ओट्यालाही आता उतार होता. मला त्यांनी मुद्दाम बोलावलं होतं. आम्ही दोघी शेजारी शेजारी निघालो. त्यांची खुर्ची लेक ढकलत होता, माझी मी.  अक्कांनी झोपाळे पाहिले, रंगीत छत्र्या पाहिल्या, सिमेंटचा जिराफ पाहिला. तळ्यापाशी आल्यावर त्यांनी चांगला हात वर केला.

"आठे हीर व्हती."

"हो माय, ती विहीर बुजवली. तिथेच तळं केलं," मालक म्हणाले.

"आनि मना जांब?"

पेरूचं झाड कुठे होतं ते मालकालाही आठवेना. त्यांनी उगाच इकडेतिकडे पाहिलं. अक्कांनी पाण्याकडे पाहत बराच वेळ काढला. मी थोडी मागे सरले. मला वाटलं होतं त्या खूश होतील, कदाचित रडतील. त्यांनी त्यातलं काहीच केलं नाही.

"बठ्ठं बदली गयं," त्या शेवटी म्हणाल्या. "आते घर लई चाल माले."

जाताना त्यांनी माझा हात धरला आणि सोडला. त्यानंतर त्या बागेत परत आल्या नाहीत. पण मालक सांगतात, आता त्या रोज सकाळी ओट्यावरून खाली अंगणात येऊन बसतात आणि येणाऱ्या मजूर बायकांना कामं सांगतात. त्या बायकाही त्यांचं ऐकतात.

मी मात्र जात राहिले. महिन्यातून एखादा रविवार. पहिल्यांदा त्या उतारावरून एकटी वर गेले तेव्हा माझ्यापुढे एक बाई बाबागाडी ढकलत होती आणि मागून आइस्क्रीमवाला खोकी नेत होता. मला वाट द्या असं म्हणायचीही गरज पडली नाही. कुणी पाहिलं नाही. वर पोचून मी दम खात थांबले आणि मला एकदम कुणाला तरी सांगावंसं वाटलं, की बघा, मी चढले. फोन हातात घेतला. पुण्याला भाऊ झोपला असेल, रविवार आहे. आई नाही. मैत्रिणीला काय सांगायचं? फोन ठेवून दिला. बागेतल्या हॉटेलात गेले तर तिथला माणूस आला, "किती जण?" मी म्हणाले, "एकच." उतार बांधता येतो. टेबलाच्या समोरची रिकामी खुर्ची कुणाला सांगून भरून घेता येत नाही. पण निदान आता ती मला माझ्या मर्जीने पाहता येत होती, आणि हवं तेव्हा उठून, म्हणजे चाकं फिरवून, निघता येत होतं.

पुढच्या हिवाळ्यात ऑफिसची भरीत पार्टी पुन्हा तिथेच ठरली. या वेळी मैत्रीण माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. हातातला पेन उघडझाक करत म्हणाली, "येशील? गर्दी असते, पण..."

"मला गर्दी आवडते," मी म्हणाले. "डोंगरही आवडतात."

ती गोंधळली. मग तिच्या लक्षात आलं असावं. तिचे डोळे भरले, आणि ती "बरं, बरं" म्हणत निघून गेली.

पार्टी चांगली झाली. सगळे माझ्याशी जरा जास्तच बोलत होते. माझ्या ताटात दोनदा पुऱ्या आल्या. जेवणानंतर सगळ्यांना होडीत बसायचं होतं. काठावर येऊन ते अडखळले, माझ्याकडे पाहू लागले. साहेब म्हणाले, "आपण राहू देऊ मग."

"जा तुम्ही," मी म्हणाले. आणि तसं वाटलंही.

दोन होड्या भरून ते निघाले. पाण्यातून हात हलवत होते. मी हात हलवला. मग वळले आणि पक्क्या वाटेने तळ्याच्या मागे गेले. तिथून वाट वावरात उरलेल्या केळींकडे उतरते. तिथे रविवारीही कुणी नसतं. ठिबकच्या नळ्या खोडांशी गेलेल्या दिसत होत्या आणि थेंब पडत होते. वीस वर्षं मी या नळ्या कागदावर आखत आले होते. वाकता येईल तेवढं वाकून एका नळीखाली बोट धरलं. बोट ओलं व्हायला वेळ लागला. उन्हं पानांतून खाली येत होती. मी तिथे किती वेळ होते, सांगता येणार नाही.

माझ्या नावाने हाका ऐकू आल्या तेव्हा आधी मला कळलंच नाही की मलाच बोलावताहेत. मला शोधायची वेळ आजवर कुणावर आली नव्हती. जिथे बसवलं तिथेच मी सापडायचे. मैत्रीण धापा टाकत वाटेच्या वळणावर आली. मागून साहेब.

"अगं कुठे गेली होतीस? किती शोधलं!"

"फिरत होते," मी म्हणाले.

मग आम्ही तिघं परत निघालो. मैत्रिणीने खुर्चीच्या मुठीला हात लावला आणि लगेच काढला.

"ढकलू का?" तिने विचारलं.

चढ होता, आणि माझे खांदे दुखत होते. मी हो म्हणाले.